शब्द पाठ असतात, तरी पेपरात दगा देतात

जीआरई या परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेतून इंग्रजी विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न 2011 साली गेले. तरी हजार शब्दांची यादी घेऊन ‘शब्द-अर्थ, शब्द-अर्थ’ अशी घोकंपट्टी काही थांबलेली नाही. आता शब्द वाक्यातच विचारतात. एका प्रकारात तर सहा पर्यायांतून दोन निवडायचे. दोन्ही बरोबर आले तरच गुण, एकावर काहीच नाही.

म्हणून शब्द पाठ करायला जे कार्ड बनवता, त्याच्या पुढच्या बाजूला नुसता शब्द नको, गाळलेली जागा असलेलं वाक्य हवं. मागे शब्द, त्याची छटा कौतुकाची की टीकेची ते, आणि त्याच अर्थाचा एक जोडीदार शब्द. रोज 15 नवे पुरेत. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या दिवशी. चुकला की तो शब्द पुन्हा पहिल्यापासून.

खरी गोची ओळखीच्या शब्दांची. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणं, हे सगळ्यांना ठाऊक. पण ‘क्वालिफाइड सपोर्ट’ म्हणजे हातचं राखून दिलेला पाठिंबा. ‘एनर्व्हेट’ ऐकायला ‘एनर्जी’च्या घरातला, अर्थ मात्र उलटा: अंगातली शक्ती काढून घेणं. असे शब्द वेगळ्या रंगाच्या कार्डावर लिहा. सोपे वाटतात, म्हणून उजळणीत आधी तेच गाळले जातात.