कंट्रोलमध्येच हॉर्मोन!

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मॅडमनी दिलेला प्रश्न वरवर सोपा होता: गर्भाशयाच्या अस्तरातल्या स्टेम सेल्सना, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशींना, इस्ट्रोजेन हे हॉर्मोन थेट जागं करतं का? पाळीत अस्तराचा वरचा थर गळतो, तळचा टिकतो, आणि त्यातूनच काही दिवसांत नवं अस्तर उभं राहतं. बाईच्या आयुष्यात हे चारेकशे वेळा घडतं.

शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशयाचा तुकडा, रुग्णाच्या संमतीने, बर्फात यायचा. तो बारीक चिरायचा, कोलॅजिनेज या पेशींमधले धागे तोडणाऱ्या एन्झाइममध्ये 37 अंशांवर पेशी सुट्या होईपर्यंत हलवायचा, गाळायचा. मग पेशी इतक्या विरळ पेरायच्या की एकीपासून एकच कॉलनी, म्हणजे पेशींचा पुंजका, उठावी. पुढे पंधरा दिवस थांबायचं. मला हेच सगळ्यात जड गेलं. इन्क्युबेटरचं दार उघडून डोकावायची खोड काही जाईना. कॉलनी करणाऱ्या पेशी मुळातच मोजक्या. 2004 सालच्या पहिल्या मोजणीत एपिथेलियममध्ये, म्हणजे अस्तराच्या आवरणाच्या पेशींत, त्या 0.22 टक्के निघाल्या होत्या. हजार पेरा, दोन उगवतात!

तीनदा प्रयोग केला. तिन्ही वेळा इस्ट्रोजेनची डिश आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची बिनहॉर्मोनची डिश, सारख्याच. हॉर्मोन जुनं झालं असेल म्हणून नवं विरघळवलं, अल्कोहोलचं प्रमाण तपासलं. काही नाही. शेवटी लॅबमधल्या सीनियर ताईने मीडियमची, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाची, बाटली उजेडात धरली. "हा गुलाबी रंग कसला गं?"

फिनॉल रेड. आम्लता कळावी म्हणून घातलेला रंग. त्याचा इस्ट्रोजेनसारखा परिणाम होतो हे 1986 मध्येच छापून आलं होतं. वर मीडियममध्ये घालतो त्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या द्रवात, स्वतःची स्टेरॉइड हॉर्मोन्स असतातच, इस्ट्रोजेनसुद्धा. म्हणजे माझा कंट्रोल कधी कंट्रोल नव्हताच. दोन महिने पाण्यात.

मग बिनरंगी मीडियम आणि कोळशाने हॉर्मोन शोषून घेतलेलं सीरम आणलं. त्यात पेशी रुसल्यासारख्या वाढतात, पण आता फरक दिसायला लागला. एकट्या एपिथेलियमवर इस्ट्रोजेनचा परिणाम जेमतेम. शेजारी स्ट्रोमाच्या, म्हणजे एपिथेलियमला आधार देणाऱ्या ऊतीच्या, पेशी ठेवल्या की कॉलन्या ठसठशीत. उंदरांतही तसंच आहे: एपिथेलियमला इस्ट्रोजेन ओळखणारा रिसेप्टर नसला तरी चालतं, स्ट्रोमाला हवा. निरोप शेजाऱ्यामार्फत जातो.

मी आकडे दाखवले. मॅडमनी माझ्या सिनॉप्सिसमधला, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यातला, 'थेट' हा शब्द पेन्सिलने खोडला आणि विचारलं, "प्रोजेस्टेरोन कधी लावतेस?"