‘आपल्याला येणाऱ्या भाषा’ : एका रकान्यापासून प्रबंधापर्यंत

पीएच.डी.च्या संशोधन आराखड्यासोबत मी जी प्रश्नावली जोडली होती, तिच्या पहिल्याच पानावर ‘आपल्याला येणाऱ्या भाषा’ असा एक रकाना होता आणि प्रत्येक भाषेपुढे बोलणे, समजणे, वाचणे, लिहिणे अशी चार घरे होती. बहुभाषिकतेचा सामाजिक अंगाने अभ्यास करायचा, तर कोणाला किती भाषा येतात हे आधी मोजले पाहिजे, असे मला तेव्हा अगदी स्वाभाविक वाटत होते. सहा वर्षांनी प्रबंध सादर केला तेव्हा त्या रकान्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले गेले होते. मात्र त्यावर विसंबून निष्कर्ष का काढता येत नाहीत, हा त्या प्रकरणाचा विषय होता.

पहिले वर्ष वाचनात गेले. माझ्या मार्गदर्शक बाईंनी सुरुवातीलाच सांगितले होते की, एका माणसाच्या मेंदूत दोन भाषा कशा नांदतात हा एक प्रश्न आहे आणि एका समाजात त्या कशा वाटल्या गेल्या आहेत हा वेगळा प्रश्न आहे. दुसरा घ्यायचा असेल तर पहिल्याची उत्तरे त्याला लावू नयेत. युरिएल वाइनराइख यांचा भाषासंपर्कावरील 1953चा ग्रंथ, चार्ल्स फर्ग्युसन यांचा डायग्लोसियावरील, म्हणजे एकाच समाजात एका भाषेची दोन रूपे वेगवेगळ्या प्रसंगी वापरली जाण्यावरील, 1959चा लेख आणि ‘कोण, कोणाशी, कोणत्या भाषेत आणि केव्हा बोलतो’ हा जोशुआ फिशमन यांनी 1965मध्ये मांडलेला प्रश्न, अशा क्रमाने मी वाचत गेले. फर्ग्युसन यांची प्रतिष्ठित आणि घरगुती रूपांची विभागणी, फिशमन यांची घर, शाळा, कामाचे ठिकाण अशी व्यवहारक्षेत्रे, हे सारे इतके नीटनेटके होते की माझी प्रश्नावली मला परिपूर्ण वाटू लागली.

त्या खात्रीला पहिला धक्का दिला तो जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी 1971मध्ये सांगलीजवळच्या कुपवाडविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने. कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू या भाषा तेथे कित्येक शतके शेजारी राहिल्या आणि त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली की एकीतले वाक्य शब्दामागून शब्द ठेवत दुसरीत नेता येत असे. शब्द मात्र आपापले राहिले, कारण घरात कोणती भाषा बोलायची यावर समाजगटाची ओळख अवलंबून होती. रोज एकमेकांशी बोलण्याच्या गरजेने व्याकरण बदलले आणि वेगळे राहण्याच्या गरजेने शब्द टिकले. या एका उदाहरणाने मला शिकवले की भाषा किती आहेत हे मोजताना, त्या वेगळ्या ठेवण्याचे काम कोण आणि कशासाठी करत आहे, हेच नेमके हातातून निसटते. सुझन गाल यांचा ऑस्ट्रियातील ओबरवार्ट येथील 1979चा ग्रंथ त्यानंतर वाचला. तेथे हंगेरियन मागे पडून जर्मन पुढे आली, यामागे तरुण स्त्रियांना शेतकऱ्याची बायको म्हणून जगणे नको होते हे एक मोठे कारण होते. भाषेच्या अभ्यासात लग्नाच्या निवडीचा असा विचार करता येतो हे कळले, तेव्हा मी आराखडा परत मागून घेतला आणि क्षेत्र म्हणून शिवणकामाचा एक कारखाना निवडला, जेथे वेगवेगळ्या मातृभाषांच्या स्त्रिया एकाच ओळीत बसून काम करत होत्या.

नैतिकता समितीची परवानगी मिळवण्यात जवळजवळ पाच महिने गेले. विलंबाची मला तक्रार नाही, कारण समितीने विचारलेला एक प्रश्न पुढे फार उपयोगी पडला : संमतिपत्र कोणत्या भाषेत असेल आणि ती वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती तुम्ही कशी घ्याल? माझे संमतिपत्र कार्यालयीन भाषेत होते, म्हणजे ज्या भाषेपुढे दबून जाणाऱ्यांचा मी अभ्यास करणार होते, त्यांना मी त्याच भाषेत सही करायला सांगत होते. शेवटी संमती तोंडी समजावून, ध्वनिमुद्रित करून घ्यायची आणि मध्येच संभाषणात आलेल्या तिसऱ्या व्यक्तीला विचारल्याशिवाय तिचा आवाज वापरायचा नाही, असे ठरले. या दुसऱ्या अटीमुळे कित्येक उत्तम प्रसंग मला वगळावे लागले. ती अट योग्यच होती.

क्षेत्रकार्याचे चौदा महिने मी आयुष्यभर विसरणार नाही. प्रश्नावली भरून घेण्याच्या पहिल्याच आठवड्यात एका अनुभवी कामगार स्त्रीने आपल्याला दोन भाषा येतात असे सांगितले आणि मी ते लिहून घेतले. चारच दिवसांनी, नव्याने आलेल्या एका घाबरलेल्या मुलीला ती यंत्र कसे चालवायचे ते शिकवत होती आणि ती भाषा त्या दोनांपैकी नव्हती. मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘ती कसली भाषा, ताई! ती आम्ही नुसती बोलतो.’’ शाळेत शिकलेली, लिहिता येणारी, कोणीतरी चुका काढून सुधारलेली तीच भाषा ‘येते’, अशी तिची समजूत होती. जिच्यात तिने आयुष्यभर लोकांना समजावले, शांत केले, भांडणे मिटवली, ती तिच्या हिशेबातच नव्हती. याउलट, एका पर्यवेक्षकांनी कार्यालयीन भाषेपुढची चारही घरे भरली होती आणि प्रत्यक्षात ठराविक दहा-बारा वाक्यांपलीकडे ते त्या भाषेत जात नसत. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते, इतकेच की माझा रकाना त्यांचे भाषाज्ञान टिपण्याऐवजी त्यांच्या मनातील भाषांची प्रतिष्ठा टिपत होता. ही गोष्ट लक्षात आल्यावर मी प्रश्नावली थांबवली आणि ऐकण्यावर भर दिला.

ऐकलेल्याचा अर्थ लावणे मात्र प्रश्नावलीहून कितीतरी अवघड होते. एकदा एका स्त्रीने पर्यवेक्षकांकडे रजा मागितली. सुरुवात तिने सर्वांच्या सामायिक बोलीत केली आणि मध्येच, अडखळत, कार्यालयीन भाषेत वळली. कॅरल मायर्स-स्कॉटन यांनी 1993मध्ये मांडलेली मीमांसा मी नुकतीच वाचली होती : बोलणारा भाषा बदलतो, तेव्हा तो समोरच्याशी असलेल्या नात्यातील हक्क आणि बंधने बदलू पाहत असतो. त्यानुसार मी लिहून टाकले की, विनंतीला वजन यावे म्हणून तिने वरची भाषा निवडली. संशोधन समितीपुढच्या सादरीकरणात हे विश्लेषण सर्वांना आवडले. दोन महिन्यांनी मी ते ध्वनिमुद्रण त्या स्त्रीलाच ऐकवले आणि तिने शांतपणे सांगितले की, रजेचे कारण तिच्या आजाराशी संबंधित होते आणि शेजारी बसलेल्या बायकांना ते कळू नये म्हणून ती त्या भाषेत बोलली होती. माझे सारे लक्ष बोलणारी आणि ऐकणारा या दोघांवर होते; ज्यांना ऐकू येऊ द्यायचे नव्हते, त्या श्रोत्यांचा मी विचारच केला नव्हता. प्रबंधाचे मुख्य प्रकरण यातूनच उभे राहिले. भाषा जोडते हे आपण फार वेळा म्हणतो, पण अनेक भाषा असलेल्या जागेत माणसाला भाषेने एक छोटा आडोसाही उभारता येतो, आणि ज्यांना कामाच्या ठिकाणी दुसरा कोणताच आडोसा नसतो, त्यांच्यासाठी त्याचे मोल फार मोठे असते. त्यानंतर प्रत्येक उतारा संबंधित व्यक्तीला ऐकवल्याशिवाय त्याचे विश्लेषण प्रबंधात घ्यायचे नाही, असा नियम मी स्वतःसाठी केला.

प्रतिलेखनाविषयी, म्हणजे ध्वनिमुद्रित बोलणे जसेच्या तसे लिहून काढण्याविषयी, थोडे सांगायला हवे, कारण नवे संशोधक या टप्प्याचा वेळ नेहमी कमी धरतात. यंत्रांच्या आवाजातील एका तासाच्या बहुभाषिक संभाषणाला मला बारा ते पंधरा तास लागत. ईलान या संगणकप्रणालीत मी प्रत्येक भाषेसाठी वेगळा स्तर आखला आणि लगेच अडले : कित्येक शब्द दोन भाषांत सारखेच होते, मग ते कोणत्या स्तरावर लिहायचे? कॅथरिन वुलार्ड यांनी कातालान आणि स्पॅनिश यांच्या संदर्भात अशा शब्दांना दोन्ही भाषांचे एकाच वेळी मानावे, असे दाखवले आहे. त्यांचा लेख वाचून मी सर्व स्तर पुसले आणि एकच स्तर ठेवून, ज्या शब्दांविषयी बोलणाऱ्यांनाच फरक जाणवत होता तेवढ्यांवर खुणा केल्या. सात महिन्यांचे काम पुन्हा करावे लागले. त्या काळात आपल्याकडून हा प्रबंध पुरा होणार नाही असे वाटण्याचे दिवस आले, आणि मार्गदर्शक बाईंनी दर पंधरा दिवसांनी, कितीही कच्चे असले तरी काहीतरी लिहून आणण्याचा आग्रह धरला नसता, तर कदाचित तो पुरा झालाही नसता.

लेखनाला दीड वर्ष लागले. मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी सिद्धान्ताविषयी थोडेच विचारले. त्यांचा मुख्य प्रश्न भाषांच्या नावांविषयी होता : पुस्तकांतील नावे सोडून मी ‘कागदाची’, ‘मशिनीवरची’, ‘घरची’ अशी नावे का वापरली? ही नावे त्या स्त्रियांचीच होती आणि एका भाषेचे नाव कोणासाठी ‘घरची’ तर कोणासाठी ‘मशिनीवरची’ असे बदलत होते, हे मी सांगितले. त्यावर त्यांनी सुचवलेली एकमेव महत्त्वाची दुरुस्ती अशी होती की, कोणते नाव कोणी, कोणत्या भाषेसाठी, कोणत्या प्रसंगी वापरले, याचा तक्ता परिशिष्टात द्यावा. तो तयार करायला तीन आठवडे लागले. त्यातील सर्वांत लांब नोंद ‘नुसती बोलायची’ या नावाखाली झाली आणि तिच्यात मला पाच वेगवेगळ्या भाषा लिहाव्या लागल्या.