ब्लॉक काही मिळेना

बाबांना ना घास अडकत होता, ना वजन घटलं होतं. जळजळ थांबेना म्हणून इथे इंदूरलाच एंडोस्कोपी केली. अन्ननलिकेच्या खालच्या भागात सपाट काळपट डाग आणि त्याला लागून हरभऱ्याएवढा उंचवटा दिसला. डॉक्टर म्हणाले, नुसता सपाट डाग निरुपद्रवीही असतो, पण उंचवटा आहे म्हटल्यावर तुकडा तपासायलाच हवा. रिपोर्टात कॅन्सर आला, प्रकार मात्र ठरेना. शंका मेलानोमाची, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कॅन्सरची. तो कातडीला होतो एवढंच आम्हाला ठाऊक. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये तो हजारात १-२ जणांना निघतो म्हणे. तो ओळखायच्या एस-१००, एचएमबी-४५ वगैरे तपासण्या मुंबईला टाटात करायचं ठरलं.

त्यासाठी बायोप्सीचा ब्लॉक हवा, म्हणजे काढलेला तुकडा ज्या मेणात जपून ठेवतात तो. लॅबच्या काउंटरवर उत्तर मिळालं, "ब्लॉक हमारा रिकॉर्ड है, स्लाइड ले जाइए." अहो, पण त्या स्लाइडला आधीच रंग दिलेला! नव्या तपासणीला ब्लॉकमधूनच नवे काप घ्यावे लागतात. ऐकतो कोण? अर्ज द्या म्हणाले, दिला. मग पॅथॉलॉजिस्टची सही हवी, आणि ते येणार संध्याकाळी. संध्याकाळी जावं तर कपाटाची किल्ली असलेला माणूस घरी गेलेला. मग मूळ बिल आणा. मग पेशंटचं आधार. एका दमात सगळं सांगितलं तर यांचं काय जातं? घरी बाबा रोज विचारायचे, "निघायचं कधी?" शेवटी मी पॅथॉलॉजिस्टच्या दाराशीच ठाण मांडलं. त्यांनी टाटाची चिठ्ठी वाचली आणि पाच मिनिटांत ब्लॉक हातात! प्लास्टिकची चपटी डबी, मेणात तांदळाच्या कणीएवढा तुकडा. एवढ्यासाठी हे सगळं.

ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टाशी तिथेच ताडून पाहा. उन्हाळ्यात तो गाडीत ठेवू नका, मेण आहे ते.

अवंतिका एक्सप्रेसने रात्रीत मुंबई गाठली. मेलानोमाच निघाला. मूळ गाठ दुसरीकडे नाही ना, म्हणून कातडी, डोळेही तपासले. तिथे काही नव्हतं. बाबांचं ऑपरेशन झालं, आता मऊ भात खातात.

आणि हो, एंडोस्कोपीचे फोटो रंगीतच मागून घ्या. आमच्या फाइलीत झेरॉक्स लावली होती, त्यात काळा डाग कुठला आणि सावली कुठली, काही कळत नव्हतं.