रिकामा डबा

बुधवार, रात्री साडेदहा

ताप उतरलाय. डबा धुऊन ओट्यावर पालथा घातलाय आणि मी अजून त्याच्यावरच अडकून बसलेय.

सकाळी खालच्या काकूंनी बेल वाजवली, कडीला पिशवी अडकवली आणि मी उठेपर्यंत गेल्यासुद्धा. संध्याकाळी पुन्हा तेच. मऊ भात, मेतकूट. "बरं वाटतंय का?" एवढं विचारायला काय झालं होतं? दादाचा फोन आला, पण तो... जाऊ दे.

दुपारी हिब्रू बायबलमधला पहिला राजे काढला, अध्याय १९. आमच्या बेने इस्राएल ज्यूंकडे एलियाहू संदेष्ट्याचं नाव निघतं ते मलिद्याच्या, म्हणजे त्याच्या नावाने केलेल्या पोहे-गूळ-नारळाच्या ताटापाशी, नाहीतर अलिबागजवळच्या खंडाळ्याला, खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात तिथे. रथातला एलियाहू सगळ्यांना ठाऊक. बैरशेबाच्या पुढे दिवसभर रानात चालून रोतेमच्या झुडपाखाली "मरण दे" म्हणत आडवा झालेला, त्याचा मलिदा कोण करतं?

तो हिब्रूत म्हणतो, "रव". पुरे झालं आता. आणि झोपतो. दूत येऊन हात लावतो, "कूम, एखोल". ऊठ, खा. दोनच शब्द. उशाशी निखाऱ्यावरची भाकर, पाण्याचा गडू. हा खातो आणि चक्क पुन्हा झोपतो! रागावत कुणी नाही. दूत दुसऱ्यांदा उठवतो, खा म्हणतो, वाट तुला झेपायची नाही. तिथेही शब्द तोच, "रव", झेपण्यापलीकडचं. म्हणजे याचं ते "पुरे" कुणीतरी ऐकलं होतं.

पण काय झालं, असं दूतानेही विचारलं नाही. यावर मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. विचारायला हवं होतं.

विचारतो तो देव, ४० दिवसांनी, होरेब डोंगरावर. इथे काय करतोस? झालं! एलियाहू सुरू: मीच एकटा उरलोय. वारा सुटतो, भूकंप होतो, आग येऊन जाते, देव पुन्हा तेच विचारतो आणि हा पुन्हा तीच तक्रार, शब्दाला शब्द. इथे मला हसू फुटलं. दादाला मीही दोनदा सांगितलं, माझं इथे कुणी नाही. देवाने ७००० माणसं शिल्लक असल्याचं सांगितलं. दादाने फोन ठेवला.

डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे आईचं. पोहे आहेत, गूळ आहे. नारळ कोण फोडणार आता.