चिलटाचं डोकं

रात्री साडेदहाला हे स्वयंपाकघरात डास मारायची रॅकेट उगारून उभे होते. पंखा बंद, श्वास रोखलेला. ओट्यावर द्राक्षांची परडी आणि परडीभोवती चिलटं. मी पाणी प्यायला आले, तर डोळ्यांनीच खूण केली, हलू नकोस. मी हलले नाही. रॅकेट सपकन फिरली, फ्रिजच्या दाराला लागली. चिलटं जराशी वर गेली आणि पुन्हा परडीवर येऊन बसली.

"बिनडोक साली!" हे म्हणाले.

बत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला हे ऐकवेना. "बिनडोक कसली? तुमचा हात पोचायच्या आत कुठल्या दिशेला उडायचं हे त्यांचं ठरलेलं असतं," मी म्हटलं. त्यावर यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की असं पाहणं निवृत्त शिक्षिकांच्या नवऱ्यांनाच जमतं.

मार्चमध्ये नाशिकच्या घरांत द्राक्षं विकत घ्यायची पाळी फारशी येत नाही. कुणाचा मामा पिंपळगावला असतो, कुणाचे व्याही ओझरला. माझा भाचा दिंडोरीकडे बाग करतो. चांगला माल व्यापाऱ्याच्या गाडीत गेला, की घड विरळ राहिलेला, मण्यांवर डाग पडलेला एक क्रेट आत्याच्या दारात येतो. माणसं दोन, क्रेट एक. पहिल्या दिवशी आम्ही शेजारी वाटतो. दुसऱ्या दिवशी शेजारी आम्हाला वाटायला येतात, कारण त्यांच्याकडेही क्रेट आलेला असतो. चौथ्या दिवशी तळातले मणी मऊ पडतात, आंबूस वास सुटतो आणि चिलटं हजर. सासूबाई त्यांना घुंगुरटं म्हणायच्या आणि परडीवर ओलं फडकं टाकायच्या. पुस्तकात फळमाशी असं नाव आहे, पण बागाईतदारापुढे फळमाशी म्हटलं तर त्याला आंब्या-पेरूत अळी पाडणारी ती दुसरी माशी आठवते. म्हणून मी आपली चिलटंच म्हणते. तिळाएवढं अंग, लाल डोळे. शास्त्रज्ञांची लाडकी ड्रोसोफिला ती हीच.

तर यांच्या रॅकेटबद्दल. २००८ मध्ये कॅलटेक या अमेरिकी संस्थेत ग्विनेथ कार्ड आणि मायकेल डिकिन्सन यांनी चिलटांच्या उड्या अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपल्या. अंगावर काही चालून येतंय असं दिसलं, की उडण्याआधी सेकंदाच्या पाचव्या हिश्शात चिलट आपले मधले पाय सरकवून घेतं. संकट समोरून आलं तर पाय पुढे आणि अंगाचा भार मागे, म्हणजे उडी मागे जाईल. संकट पाठीमागून आलं तर पाय जरा मागे. बाजूने आलं तर पाय जागच्या जागी आणि अंग तेवढं विरुद्ध बाजूला कललेलं. शिवाय आपले पाय आत्ता कुठे टेकलेत याचाही हिशेब त्यात असतोच, आधीच नीट उभं असेल तर उगाच हलत नाही. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं आणि पायांना जाणवलेलं यांचा मेळ आधी बसतो, मग उडी. डिकिन्सन यांचा सल्ला असा, की मारायचंच असेल तर चिलट बसलंय तिथे मारू नका, ते जिथे उडणार आहे तिथे मारा. मी हे सांगितलं. यांनी करून पाहिलं. एक बशी गेली.

पुढे आणखी एक गंमत कळली. चिलटाच्या डोक्यातून छातीकडे जाणारे दोन जाडजूड चेतातंतू असतात, इंग्रजी पुस्तकं त्यांना 'जायंट फायबर' म्हणतात. संकट सावकाश येत असेल तर चिलट आधी पंख वर उचलतं, मग पायांनी रेटा देतं आणि सुबक उडतं. संकट फारच वेगाने आलं तर हे जाड तंतू मध्येच आज्ञा सोडतात. पंख उचलायचं राहून जातं, नुसती उडी बसते आणि चिलट हवेत कोलांट्या खात जातं. दिसायला वाईट, पण जीव वाचतो. मला यात आमचं ठक्कर बाजारला एसटी गाठायला निघणं दिसतं. वेळ असला की गॅस बंद, खिडक्या बंद, कुलूप दोनदा ओढून पाहणं. वेळ नसला की यांच्या पायात एक चप्पल त्यांची आणि एक माझी. गाडी मात्र मिळते.

एवढा सगळा कारभार ज्या मेंदूतून चालतो तो खसखशीच्या दाण्याहून लहान आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एका मादी चिलटाच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्या दाण्याच्या सात हजारांवर चकत्या पाडल्या, दोन कोटींवर छायाचित्रं काढली, संगणकाने ती सांधली आणि संगणकाच्या चुका जगभरच्या शेकडो माणसांनी वर्षानुवर्षं बसून दुरुस्त केल्या. चेतापेशी भरल्या १,३९,२५५ आणि त्यांच्यातले जोड पाच कोटींवर. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची वस्ती पंधरा लाखांच्या जरा आत होती. तिच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी पेशींत चालणं, उडणं, खाणं, भांडणं, नर असेल तर एक पंख थरथरवून मादीला गाणं म्हणणं, सगळं बसवलंय. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि तरी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा प्रश्न सुटत नाही.

आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. फळ्यावर मी मेंदूचं चित्र काढायचे, तीन रंगांच्या खडूंनी भाग दाखवायचे आणि त्याखाली त्या भागाचं 'कार्य' लिहायचे, एखाद्या खातेवाटपासारखं. मुलं तेच पाठ करायची. नुसतं खातं कळून उपयोग नाही, कोणाची तार कोणाला जोडलीय ते कळायला हवं, हे मला पटलं निवृत्तीनंतर. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी सत्तरच्या दशकातच याच माशीच्या वास आणि चव घेण्याच्या गुणावर काम उभं केलं होतं. कुलाबा नाशिकपासून पंचवटी एक्सप्रेसने एका सकाळच्या अंतरावर. मी एकदाही वर्गात त्यांचं नाव घेतलं नाही, कारण ते अभ्यासक्रमात नव्हतं. अजून चुटपुट लागते.

या तारांच्या गुंत्यातली माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे मेंदूच्या मधोमध असलेलं एक कडं. २०१५ मध्ये योहानेस सीलिग आणि विवेक जयरामन यांनी चिलटाला बारीक तारेला चिकटवून हवेवर तरंगणाऱ्या गोळीवर चालायला लावलं आणि चालता चालता त्याच्या मेंदूत डोकावून पाहिलं. बांगडीसारख्या त्या कड्यात एका ठिकाणच्या पेशी जाग्या असायच्या, आणि चिलट वळलं की तो जागेपणा कड्यावरून तेवढाच सरकायचा. होकायंत्रच ते. पुढची गोष्ट मला फार भावली. दिवे मालवून गडद अंधार केला तरी तो ठिपका विझला नाही. आपण किती पावलं कुठे वळलो याच्या अंदाजावर तो फिरत राहिला. फार वेळ अंधार राहिला तर मात्र हळूहळू चुकायचा.

रात्री वीज गेली की मी पलंगावरून उठून माठापर्यंत सरळ जाते. डावीकडे वळायचं, सात पावलं, उंबरा, उजवीकडे माठ. हात बरोबर झाकणावर पडतो. गेल्या दिवाळीत रंग काढताना यांनी पलंगाची दिशा बदलली. पहिल्याच रात्री वीज गेली. मी उठले, डावीकडे वळले, आणि चौथ्या पावलाला कपाटाच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं. माझ्या डोक्यातलं कडं अजून जुन्या पलंगावर झोपलेलं होतं. टेंगूळ आलं तेव्हा दिव्याशिवाय उठल्याबद्दल बोलणी मीच खाल्ली, पलंग फिरवणारे नामानिराळे.

उलट्या पावलांचंही असंच. चिलटाच्या मेंदूत मोजक्या काही पेशी आहेत, त्या चेतवल्या की ते चालता चालता मागे मागे जायला लागतं. २०१४ मध्ये हे सापडलं तेव्हा संशोधकांनी त्या पेशींना 'मूनवॉकर' नाव देऊन टाकलं. मला आठवतो काळाराम मंदिराचा गाभारा. देवाला पाठ दाखवायची नाही म्हणून माणसं हात जोडून दोन-चार पावलं मागे सरकतात, मागच्याच्या पायावर पाय देतात, त्याचीही क्षमा मागतात, मग वळतात. लहानपणी आईने खांदे धरून शिकवलेलं हे चालणं. आता गाभारा दिसला की पाय आपोआप मागे पडतात. परवा बँकेत साहेबांच्या केबिनमधून निघतानाही पडले, हे यांनी पाहिलं आणि आठवडाभर सगळ्या नातेवाइकांना सांगितलं.

यांना आवडलेला प्रयोग एकच. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात काही नर चिलटांना अशा माद्यांबरोबर ठेवलं ज्या त्यांना जवळ येऊ देणार नव्हत्या. चार दिवस नुसता नकार. मग साधं खाणं आणि दारू घातलेलं खाणं पुढे ठेवलं, तर नकार मिळालेले नर दारूकडे जास्त वळले. ज्यांची जोडी जमली होती ते तेवढे वळले नाहीत. त्यांच्या मेंदूत न्यूरोपेप्टाइड एफ नावाचं एक रसायन असतं, नकार मिळालेल्यांत ते कमी झालेलं आढळलं. "म्हणजे गंगापूर धरणाच्या बाजूला शनिवारी गाड्यांची जी रांग लागते, वाइनरीकडे..." हे म्हणाले. मी म्हटलं, सगळ्यांनाच नकार मिळालेला नसतो, काही जण लग्न झालेलेही असतात. त्यावर विषय बदलला.

शेवटी चिलटांचा बंदोबस्त मी माझ्या पद्धतीने केला. वाटीत व्हिनेगर, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. आंबूस वासाला चिलटं येणारच, त्यांच्या नाकापासून मेंदूपर्यंत त्या वासाची वाट जन्मापासून मोकळी असते. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, बसायला गेलेलं चिलट बुडतं. इतकं सगळं कौतुक करून झाल्यावर त्यांच्यासाठी सापळा मांडताना जरा ओशाळल्यासारखं झालं, पण तेवढ्यापुरतंच.

वाटीकडे बघत बसलो होतो तेव्हा खिडकीतून वास आला. मातीचा. दूर कुठेतरी पावसाचे थेंब पडले असणार. मार्चचा शेवटचा आठवडा होता.

त्या वासामागे मुख्यतः जिओस्मिन नावाचा पदार्थ असतो. मातीतले जिवाणू तो बनवतात आणि काही बुरशाही. चिलटाच्या नाकात याच एका वासासाठी राखून ठेवलेल्या चेतापेशी आहेत, दुसऱ्या कशालाच त्या ओ देत नाहीत. २०१२ मध्ये जर्मनीत येनाच्या माक्स प्लांक संस्थेत हे उकललं. ही एक तार वाजली की चिलट फळापासून दूर राहतं, व्हिनेगरची ओढसुद्धा विरते. कारण ज्या फळावर हा वास, त्यावर विषारी बुरशी असण्याचा धोका. हे त्याला कुणी शिकवत नाही, जन्मतःच जोडून आलेलं. मी यांना म्हटलं, बघा हं आता, वाटीवरून उठतात की नाही. दोन मिनिटं बघितलं. एकही उठलं नाही. "तुझं जर्मनी फसलं," हे म्हणाले. खिडकीतून आलेली झुळूक ती, नाकाशी धरलेली वाटी तिला भारी पडली असावी, असं मी माझं समाधान करून घेतलं.

चिलटाला शिकवून आलेलं भयही असतं. एखादा वास देऊन त्याच वेळी विजेचा हलका झटका दिला, तर पुढे नुसत्या वासालाही ते टाळतं. मेंदूत अळंबीच्या आकाराचे दोन गुच्छ आहेत, तिथे डोपामिनच्या पेशी त्या वासावर 'हा वाईट' अशी खूण करून ठेवतात. आपल्यातही अशी खूण होत असणार. मला या वासाने अजून जून महिना आठवतो, खाकी कव्हर घातलेल्या वह्या आठवतात. भाच्यालाही लहानपणी हा वास आवडायचा, आमच्या गच्चीत येऊन मोठमोठे श्वास घ्यायचा. मग त्याने बाग हातात घेतली. ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीपासून पाच महिने सांभाळलेले घड, आणि तोडणीच्या आठ दिवस आधी पाऊस. मणी तडकतात, तडकलेला एक मणी शेजारचे चार घेऊन जातो, व्यापारी फोन उचलत नाही. एका वर्षी गारा पडल्या तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता.

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"आत्या, तुमच्याकडं पडतोय का?"

"नाही रे, नुसता वास आलाय."

"मला अर्धा तास झाला वास येऊन. बागेतच उभाय बॅटरी घेऊन."

"किती माल राहिलाय?"

"एकरभर. उद्याच तोड होती, माणसं पण सांगून ठेवलीत."

त्याच्या पलीकडे काहीतरी पानांवर वाजल्यासारखं झालं. वारा होता की थेंब, कळेना. यांनी रॅकेट ओट्यावर ठेवली, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि फोन स्पीकरवर टाकायची खूण केली.