माळ्यावरचा पेंटियम फोर

चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणून गेल्या महिन्यात माळा रिकामा करायला घेतला. पिंप, स्टोव्ह, मखराच्या पट्ट्या आणि सगळ्यात मागे आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेला बाबांचा सीपीयू. 2003 साली लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला. पेंटियम फोर, 256 एमबी रॅम, 40 जीबीची हार्ड डिस्क. बाबा चाळ कमिटीचे खजिनदार, त्यामुळे सगळे हिशेब त्यात. मॉनिटर केव्हाच भंगारात गेला होता.

"तेवढं हेही देऊन टाक," आई म्हणाली.

उघडलं तर पालीची दोन अंडी आणि पंख्यावर वाटीभर धूळ. परळच्या दमट हवेत स्क्रू गंजलेले. ऑफिसातला जुना एलसीडी जोडून बटण दाबलं, तर नुसता लांब बीप, म्हणजे मेमरी सापडत नाही. रॅम. लेकीच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेऊन पट्टीची सोनेरी टोकं हलक्या हाताने घासली, काळं निघालं, पट्टी परत बसवली. या खेपेला विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी आली. आई ओट्यापाशी उभी राहून बघत होती.

पण एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला. त्यावर इंटरनेट जोडणं म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला जाणं. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टिम घालायचं ठरवलं. आधी तिची टायनी कोअर ही अगदी हलकी आवृत्ती लावून पाहिली. अख्खी सिस्टिम पंचवीस एमबीच्या आत, आणि पळते कशी! फक्त मराठी म्हणाल तर सगळीकडे चौकोनच चौकोन, कारण देवनागरी फॉन्टच नाही. हलकेपणाची ही किंमत हलक्या सिस्टिमच्या याद्यांमध्ये कुणी लिहीत नाही.

मग अँटीएक्स, हेही लिनक्सच. डेबियन या मोठ्या लिनक्सवर उभी असलेली, अशा जुन्या प्रोसेसरना लागणारी 32 बिटची आवृत्ती अजून मिळते. ते लोक निदान 512 एमबी रॅम असावी म्हणतात, म्हणून डीडीआर वन या जुन्या जातीची पट्टी शोधत लॅमिंग्टन रोडला गेलो. "डीडीआर वन? भाऊ, म्युझियममध्ये बघा," एका दुकानदाराने ऐकवलं, आणि खालच्या डब्यातून 512 ची पट्टी काढून दीडशे रुपयांना दिलीही. या मशीनच्या बायॉसला, म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामला, पेनड्राइव्हवरून सिस्टिम सुरू करणं माहीतच नाही. सीडीवर प्लॉप बूट मॅनेजर उतरवला आणि त्याला पेनड्राइव्हकडे बोट दाखवायला लावलं. बाबांच्या फायली असलेल्या भागाला हात न लावता उरलेल्या जागेत सिस्टिम बसवली.

वायफायवर अर्धा दिवस गेला, त्याबद्दल न बोललेलं बरं. शेवटी केबल. तरी एकही साइट उघडेना, सर्टिफिकेट चुकीचं म्हणे. मदरबोर्डवरचा सेल मेलेला, त्यामुळे मशीनच्या लेखी अजून 2003 चा जानेवारीच चालू होता. सीआर2032 सेल बदलला, तारीख घातली, काम झालं.

खिडक्या सांभाळणारा आइसडब्ल्यूएम उघडून बसलं तरी रॅम दीडशे एमबीच्या आत. ब्राउझर उघडा, की तेच मशीन दोन टॅबमध्ये धापा टाकतं. वीस वर्षांत प्रोसेसर म्हातारा झाला नाही, वेबपानं बाळसेदार झाली, असं माझं मत. त्यात डेबियन 13 ने 2025 मध्ये 32 बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणंच थांबवलं, म्हणजे हा रस्ताही आता अरुंदच होणार. या डब्यावर यूट्यूब बघायची स्वप्नं कुणी पाहू नयेत. टायपिंग, हिशेब, जुन्या फायली, बस्स.

फायलींसाठीच तर हा खटाटोप होता. उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा काला! बाबा युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप करायचे. त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. एक्सपीच्या फॉन्ट फोल्डरमधून तो फॉन्ट उचलून अँटीएक्समध्ये टाकला आणि फाइल पुन्हा अॅबीवर्ड या टायपिंगच्या प्रोग्राममध्ये उघडली.

'गणेशोत्सव वर्गणी 2006.' खोली क्रमांक, नाव, रक्कम, शेरा. आई चष्मा लावून शेजारी येऊन बसली आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागली.

"चौदा नंबर... हे विरारला गेले. सतरावाले बदलापूरला. एकवीसकडे 101 बाकी दिसतेय रे."