आमची वाटचाल : नायक जिंकणारच, मग फासे कशाला?

आमच्याकडे चौकशी करणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. तुमचा सुपरहीरो खेळ कधी येतोय, हा पहिला. बाजारात इतके असताना आणखी एक कशाला, हा दुसरा. तारखेचं शेवटी सांगतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर सगळी वाटचालच सांगावी लागेल.

आम्ही तिघं. एकजण लिहितो, एकजण चित्रं आणि मांडणी बघते, आणि हिशेब, छपाई, परवाने, ईमेल असं जे कुणालाच नको असतं ते माझ्याकडे. टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ म्हणजे काय, हे माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी: टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकजण एक पात्र होतो, एकजण गेम मास्टर होऊन भोवतालचं जग चालवतो आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात. बाकी सगळं बोलण्यावर चालतं.

धंद्याची सुरुवात आम्ही खलनायकांपासून केली. स्वतःचा खेळ काढायची ऐपत नव्हती, म्हणून दुसऱ्यांच्या खुल्या परवान्याच्या, म्हणजे कुणालाही वापरता येतील अशा नियमांवर चालतील असे तयार खलनायक, एका पानावर एक, पीडीएफमध्ये विकायला काढले. यामागे साधा हिशेब होता. १९८१ साली ‘चॅम्पियन्स’ हा सुपरहीरो खेळ आला आणि त्यानं गुण मोजून शक्ती विकत घ्यायची पद्धत रुजवली. शक्तीवर मर्यादा घातली की ती स्वस्त पडते, पात्राला वैरी किंवा दुबळेपणा दिला की वरचे गुण मिळतात. २००२ मध्ये आलेला ‘म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स’ फासा वेगळा वापरतो, पण गुणांची बेरीज-वजाबाकी तिथेही आहेच. खेळाडूला हे आकडे जुळवायला मजा येते. गेम मास्टरला मात्र दर आठवड्याला नवा खलनायक उभा करायचा असतो आणि त्याची अख्खी संध्याकाळ त्यात जाते. ती संध्याकाळ आम्ही विकत होतो.

सगळ्यात जास्त खपलेली खलनायिका होती लिफ्ट दुरुस्त करणारी एक बाई. ती कोणतंही दार दुसऱ्या कोणत्याही दारात उघडू शकते, बस. मारामारीत तिला कुणीही आडवं करेल. पण तिच्यापर्यंत पोचायचं कसं, यावर लोकांनी महिनोन्‌महिने कॅम्पेन, म्हणजे बैठकीमागून बैठक पुढे सरकणारी एकच गोष्ट, चालवल्याची पत्रं आम्हाला आली. डोंगर फोडणारे, सूर्य गिळणारे खलनायक आमच्याच यादीत धूळ खात पडले होते. तेव्हा ते नीट उमगलं नाही, पण पुढचा सगळा खेळ त्या पत्रांतूनच निघाला.

मग जानेवारी २०२३ उजाडला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या सगळ्यात प्रसिद्ध रोलप्लेइंग खेळाच्या मालकांनी जुना खुला परवाना बदलायचा घाट घातल्याचा मसुदा बाहेर फुटला आणि आमच्यासारख्या छोट्यांच्या पोटात गोळा आला. वीसेक वर्षं ज्या कागदावर शेकडो जणांनी दुकानं थाटली, तोच कागद मागे घेतला जाऊ शकतो का, यावर वकील आपसात भांडत होते. महिना संपायच्या आत कंपनीनं माघार घेतली आणि ५.१ आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या सगळ्यांसाठीच्या खुल्या परवान्याखाली खुले केले. प्रकरण निवळलं, पण आमचं ठरलं होतं. दुसऱ्याच्या जमिनीवर किती मजले चढवायचे?

स्वतःचा खेळ करायचा म्हणून आधीचे खेळ पुन्हा काढून बसलो. चाहता म्हणून वाचणं वेगळं आणि मिस्त्रीच्या नजरेनं भिंत ठोकून बघणं वेगळं. १९७७ च्या ‘सुपरहीरो २०४४’ला या प्रकारातला पहिला मानतात; आज तो खेळवत नाही, पण पहिलटकराला माफ असतं. १९७९ च्या ‘व्हिलन्स अँड व्हिजिलँटीज’मध्ये तुम्ही स्वतःच नायक, फक्त अंगात फाशांनी ठरलेल्या शक्ती. ही कल्पना अजूनही धमाल आहे. १९८५ च्या ‘डीसी हीरोज’पुढे तर मी टोपी काढतो. त्यात मोजपट्टीवरची प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट. दहा पायऱ्या चढलात की हजारपट. त्यामुळे गल्लीतला कसरतपटू आणि ग्रह ढकलणारा देव एकाच छोट्या तक्त्यात मावतात. वर ताकदीच्या आकड्यातून वजनाचा आकडा वजा केला की वस्तू किती लांब फेकली गेली ते थेट मिळतं. इतकं देखणं गणित या धंद्यात क्वचित दिसतं.

पण तक्त्यात मावले म्हणून टेबलावर मावतात असं नाही. चार खेळाडूंपैकी एक विमान अडवतो आणि दुसरीच्या पात्रापाशी फक्त तल्लख स्मरणशक्ती आहे. लढाई सुरू झाली की दुसरी फोन बघायला लागते. गुणांच्या पद्धतीचं उत्तर असं की सगळ्यांना समान गुण द्या, म्हणजे समान वजन. कागदावर पटतं. पण मग कॉमिक्समधली खरी गंमत, म्हणजे अगदी असमान माणसं एकाच गटात असणं, हातातून जाते.

ज्या नियमांनी आम्हाला खरं शिकवलं, ते शक्तीचे नव्हतेच. टीएसआर या प्रकाशकाच्या १९८४ च्या ‘मार्व्हल सुपर हीरोज’मध्ये कर्म नावाचे गुण साठवायचे असतात, नायकानं जीव घेतला की साठवलेलं सगळं कर्म शून्य. एवढी एक ओळ, पण नायक म्हणजे काय हे ती शंभर पानांच्या शक्तियादीपेक्षा चोख सांगते. २०१६ चा ‘मास्क्स’ किशोरवयीन नायकांचा. तिथे ठोसा लागला की हाड मोडत नाही, पात्र संतापतं, घाबरतं, अपराधी वाटून घेतं, आणि मोठी माणसं काय बोलतात त्यावर त्याची स्वतःबद्दलची समजूत हलते. ‘सेंटिनल कॉमिक्स’च्या खेळात प्रसंग हिरव्यातून पिवळ्यात आणि पिवळ्यातून लाल रंगात जातो, आणि परिस्थिती चिघळेल तशा नायकाच्या मोठ्या शक्ती खुल्या होतात. म्हणजे शेवटचा तडाखा शेवटीच. हे तिन्ही खेळ एकमेकांपासून कोसभर लांब आहेत, पण ‘किती जोरात मारलं’ हा प्रश्न तिघांनीही बाजूला सारलाय.

तिथून आमचा मूळ नियम आला. जे तुमच्या शक्तीत बसतं ते जमतंच, त्यासाठी फासे नाहीत. ट्रक उचलणारी बाई ट्रक उचलते. फासे टाकायचे ते तुम्ही ट्रक धरून उभे असताना मागे काय राहिलं, यासाठी.

प्रत्यक्षात ते असं चालतं. प्रसंग सुरू झाला की गेम मास्टर टेबलावर तीन-चार कार्डं मांडतो: पुलावर लटकलेली बस, पळणारा खलनायक, गर्दीत हरवलेलं मूल, आणि एक कार्ड कायम नायकाच्या खासगी आयुष्याचं, म्हणजे कुणाला तरी दिलेला शब्द. फेरीत प्रत्येकानं एक कार्ड हाती घ्यायचं. ज्या कार्डापाशी कुणी नाही, त्याच्यासाठी सहा बाजूंचा एक फासा. एक किंवा दोन पडला की ते कार्ड एक पायरी बिघडतं. तिसऱ्या पायरीला कार्ड उलटतं आणि मागे लिहिलेलं नुकसान घडतं, कुणाचीही ताकद कितीही असो.

एका प्लेटेस्टमध्ये, म्हणजे खेळ तपासायच्या चाचणी बैठकीत, बस आमच्या सगळ्यात दणकट नायिकेनं धरली. तिची खेळाडू नेहमीची एकटी लढणारी. बस खाली ठेवते, मग खलनायकाला गाठते, मग मूल शोधते, असा तिचा बेत. पहिल्या फेरीला खलनायकाच्या कार्डावर दोन पडला. दुसऱ्या फेरीला मुलाच्या कार्डावर एक. बस अजून हातात, कारण आत ड्रायव्हर घाबरून ब्रेकवर उभा होता आणि दार उघडायला तयार नव्हता. शेजारी बसलेल्या खेळाडूच्या नायकाची शक्ती इतकीच की त्यानं हात धरला की समोरच्याची भीती ओसरते. तोवर त्याला कुणी विचारलंही नव्हतं. ती वळून त्याला म्हणाली, “तू ड्रायव्हरचं बघशील का? मी धरून ठेवते.” आमच्या लेखकानं टेबलाखाली माझ्या पायावर पाय मारला. पात्रांचे गुण समान न करता टेबल समान झालं होतं.

या नियमाला पहिलं भोक पाडलं ते वेगवान नायकानं. पाडणारच. “मी सगळीकडे जातो,” खेळाडू म्हणाला आणि चारही कार्डांवर हात ठेवून बसला. त्याला नाही म्हणायचं तर त्याची शक्तीच काढून घेतल्यासारखं होतं. बरीच खटपट करून तोडगा निघाला तो असा: वेगवान नायक हवी तितकी कार्डं घेऊ शकतो, पण एकापेक्षा जास्त घेतली की प्रत्येकावर फासा पडतोच, फक्त तिथे दोन आला तर चालतं, एक आला तरच कार्ड बिघडतं. पोचणं त्याला सोपं, थांबणं अवघड. खेळाडूंना तो नियम इतका रुचला की काहींनी मुद्दाम वेगवान पात्र मागून घेतलं.

छपाईनं मात्र जीव खाल्ला. पायऱ्या आधी हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगात दाखवल्या होत्या. प्लेटेस्टला आलेल्या एकाला हिरवा आणि लाल वेगळा दिसत नव्हता. तो दर फेरीला शेजाऱ्याला विचारायचा. रंग ठेवले, पण कडेला एक, दोन, तीन अशा जाड पट्ट्या घातल्या. मग एका छापखान्यानं नमुना एका कागदावर दाखवला आणि माल दुसऱ्याच कागदावर पाठवला. पिसताना कार्डं एकमेकांना चिकटायची. आता कागदाचा तुकडा करारपत्राला टाचल्याशिवाय मी सही करत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण नवे लोक हेच विचारतात. अमेरिकन कॉपीराइट कायद्यात खेळाची पद्धत कुणाच्या मालकीची होत नाही. ती मांडणारे शब्द आणि चित्रं होतात. म्हणून दुसऱ्याचा नियम आवडला तर तो स्वतःच्या शब्दांत लिहा, परिच्छेद उचलू नका. पात्रांचं प्रकरण नाजूक. ‘सिटी ऑफ हीरोज’ या ऑनलाइन खेळात खेळाडू मार्व्हलच्या नायकांसारखी पात्रं बनवतात म्हणून मार्व्हलनं २००४ मध्ये दावा लावला होता. पुढच्या वर्षी तडजोड झाली. ते वाचून आमच्या तयार पात्रांमधून ओळखीचा वास येणारे दोन चेहरे आम्ही काढून टाकले. आणि ‘सुपरहीरो’ हा शब्द? अमेरिकेत तो कित्येक वर्षं मार्व्हल आणि डीसी यांचा सामाईक ट्रेडमार्क होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या ट्रेडमार्क कार्यालयानं त्या नोंदी रद्द केल्या. आमच्या पहिल्या मुखपृष्ठावर तो शब्द नव्हता. आता आहे, आणि चांगला ठसठशीत आहे.

प्रसिद्ध पात्रांचा परवाना का घेत नाही, असंही लोक विचारतात. परवडत नाही हे झालंच. शिवाय परवाना संपला की खेळ संपतो. ‘मार्व्हल हिरोइक रोलप्लेइंग’ २०१२ मध्ये आला, वाखाणला गेला आणि पुढच्याच वर्षी परवान्यासकट गेला. आपण लिहिलेलं पुस्तक आपल्यालाच विकता न येणं मला झेपणार नाही.

येत्या काळात या टेबलावर गर्दी आहे. मार्व्हलचा ‘मल्टिव्हर्स’ २०२३ पासून चालू आहे. तीन साधे फासे आणि त्यातला एक खास, त्यामुळे नवख्यालाही पटकन जमतो. ‘म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स’च्या चौथ्या आवृत्तीवर त्याचे प्रकाशक ग्रीन रोनिन काम करतायत. ‘इन्व्हिन्सिबल’ या कॉमिकवर फ्री लीग हे प्रकाशन खेळ करतंय, आणि त्या कथेत ठोशाची किंमत रस्त्यावरची माणसं मोजतात, तेव्हा मागे काय राहिलं हा प्रश्न त्यांनाही सोडवावाच लागेल. ते कसा सोडवतात हे बघायला मी रांगेत पहिला असेन. लोक म्हणतात, एवढ्या मोठ्यांपुढे तुमचं काय? माझा अनुभव उलटा आहे. मोठा खेळ आला की या प्रकाराकडे नवे लोक वळतात, पहिलं कॅम्पेन संपलं की दुसरं काहीतरी शोधतात, आणि तिथे आम्ही असतो. आमचे खलनायक असेच खपले.

आता तारखेचं. छापील पुस्तकाची तारीख आम्ही सांगत नाही. पैसे आधी गोळा करून वर्षानुवर्षं वाट बघायला लावणारे प्रकल्प या क्षेत्रात पुष्कळ झाले. मजकूर पूर्ण झाल्याशिवाय आमच्याकडे प्री-ऑर्डर उघडणार नाही. त्याआधी छोटी पीडीएफ फुकट येईल: मूळ नियम, चार तयार नायक, एक वन-शॉट, म्हणजे एका बैठकीत संपणारी गोष्ट, आणि घरी छापून कापता येतील अशी कार्डं. लिफ्टवाली बाई त्यात आहेच. ज्यांच्या गटात काळ थांबवणारं पात्र हट्टानं खेळणारं कुणी असेल, त्यांनी आधी लिहा. त्या शक्तीवरचा नियम अजून आमच्या मनासारखा झालेला नाही, आणि तो मोडून दाखवणारं टेबल आम्हाला हवंय.